माझ्या दारावरची टकटक

मी दारावर टकटक केली आणि बाजूला उभी राहिले. आतून आवाज आला, "या ना! आपलंच घर समजा."

समजा काय? माझंच होतं ते! किल्ली मुठीत होती, सकाळीच मिळालेली. पण बालगृहात वाढलेल्या माणसाचा हात आधी दारावरच पडतो. तिथे प्रत्येक दार दुसऱ्या कुणाचं तरी. वाजवायचं आणि 'ये' म्हणेपर्यंत थांबायचं.

आत स्टुलावर चढून एक वायरमन पंखा बसवत होता. कानामागे टेस्टर खोचलेला.

"कोण हवंय?"

"कोणी नकोय. मी इथे राहते."

"मग दार का वाजवलंत?"

"तुम्ही कपडे बदलत असतात तर?" मी ठोकून दिलं.

तो इतका हसला की स्टूल डुगडुगलं. मला राग आला... आणि त्याच्या गालावरची खळीही दिसली.

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सुटतं. मग संस्था एक खोली देते, काम मिळवून देते आणि संस्थेतली ताई मधूनमधून येऊन बघून जाते. वर्ष नीट निभावलं, की खोली आपल्या नावावर. मध्येच सोडली, तर परत मिळत नाही. पुढची मुलगी वाटच बघत असते. मी गणवेशाच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागले.

वायरमनला मात्र माझ्या पंख्याची भारी काळजी! कामावरून आले की हा जिन्यात हजर.

"पंखा काय म्हणतोय?"

"तो गप्प असतो. तुम्हीच फार बोलता."

"आत येऊन त्याची समजूत काढू का?"

"काही गरज नाही. चहा इथेच प्या."

मग जिन्यातच चहा व्हायचा. दोघांच्या मध्ये एक पायरी मोकळी सोडलेली... आणि माझी नजर मेली सारखी त्या खळीकडे!

अशात एका रविवारी मावशी उगवली. इतक्या वर्षांत जिने कधी तोंड दाखवलं नव्हतं, ती. "एकटी पोर कशी राहणार? लोक काय म्हणतील? पुढच्या रविवारी न्यायला येते. किल्ली देऊन टाक. सुनेचं बाळंतपण आलंय, तेवढाच तुझा हातभार."

माया कुठून उतू चालली होती ते कळलं. ताई एवढंच म्हणाली, "निर्णय तुझा."

वायरमनला सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. "तू... तू माझ्याशी लग्न कर. आमच्या घरी चल. मग कुणाची टाप आहे तुला न्यायची?"

खोटं कशाला बोलू? हेच ऐकायला कान आसुसले होते. तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे तिच्या घरी नाही, तर तुझ्या घरी! माझं घर कुणाला दिसतच नाही का? आवडतोस तू मला... फार आवडतोस. पण ही खोली मी सोडणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

तो मान खाली घालून जिना उतरला. कप तसाच राहिला.

रविवारी मावशी दार ढकलून थेट आत आली. "झाली का तयारी?"

"मावशी, बाहेर जा आणि दार वाजवून या."

"अगं, सख्खी मावशी मी तुझी!"

"म्हणून तर पाणी विचारणार आहे. पण दार वाजवल्यावर."

"पस्तावशील!"

"पस्तावेन की. माझ्या खोलीत बसून पस्तावेन."

ती पाय आपटत गेली. मी खिसा चाचपला. किल्ली तिथेच होती.

संध्याकाळी टकटक झाली.

"कोण?"

"मी... पंखा बघायला नाही आलो."

"मग?"

"तुला बघायला. न्यायला नाही. चुकलंच माझं. तू ये म्हणालीस तर आत येतो, नाही तर पायरीवर बसतो."

"आणि चहा नाही मिळाला तर?"

"तरी बसतो."

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. जन्मभर मी दाराबाहेर थांबले होते. आज माझ्या होकारासाठी कुणीतरी थांबलं होतं. डोळे भरून आले. तरी मुद्दाम त्याला अजून थोडं ताटकळत ठेवलं. मग कडी काढली.

"या," मी म्हणाले. "पण आपलंच घर समजू नका हं. माझं आहे!"