तलावटोलीच्या पाण्यात बुडवलेला सर्वे

सकाळी साडेसहाला तलावटोलीच्या मासेमारांनी जाळं ओढलं, तेव्हा ते नेहमीपेक्षा जड लागलं. मोठी मासळी असेल म्हणून म्हातारे वारलूभाऊ खूश झाले. निघाली ती पत्र्याची निळी पेटी. कुलूप शाबूत होतं. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: नगर परिषद देवलपेठ, शहर बस आराखडा, प्रवासी सर्वे.

आठ वाजता पोलीस उपनिरीक्षक रंजीता कोवे तलावाच्या पाळीवर पोचली. तिच्याआधीच तिथं दोन पुरुष आणि एक बाई येऊन भांडत होती, आणि प्रत्येकाच्या मते चोर दुसराच होता.

भांडण समजायचं तर आराखडा समजला पाहिजे. सिमेंटच्या कारखान्यांनी देवलपेठ चौफेर फुगवलं, तेव्हा शहर बस हवी असं नगर परिषदेला वाटलं. एवढं शहाणपण सुचल्यावर ती थकली आणि पुढचं काम नागपूरच्या एका सल्लागार कंपनीला दिलं. कंपनीनं दोनशे पानांचा 'देवलपेठ २०४७' केला. मुखपृष्ठावर काचेची गाडी उंच पुलावरून धावत होती. प्रत्यक्षात गावात सिग्नल एक, आणि तो तीन वर्षांपासून नुसता पिवळा लुकलुकतोय. आतल्या सोळा रंगीत नकाशांपैकी एकातही तलावटोली नव्हती. तीन नंबरची बस वस्तीवरून न जाता एका नव्या लेआउटमधून जाणार होती. त्या लेआउटमध्ये सध्या हद्दीचे दगड आहेत आणि शेळ्या आहेत.

कारण काय, तर सर्वे. तलावटोलीच्या नाक्यावर दिवसाला सरासरी चार प्रवासी.

"चार?" रुखमाबाई म्हणाल्या. मासळी विकणाऱ्या बायांच्या त्या म्होरक्या. "आमी चाळीस बाया जातो रोज बाजारात. जीपवाला ओल्या टोपल्या पाहून थांबत नाई. मंग चार कोस पायी. पोचेपर्यंत मासोळी नरम. थांबा नाई भेटला तं हा धंदाच बसला समजा."

म्हणून त्यांनी अर्ज केला होता: आज अकराच्या जनसुनावणीत भरलेले फॉर्म सगळ्यांसमोर दाखवा. सुनावणी झाली की आराखडा कायम होणार होता. आणि आज सकाळीच फॉर्म पाण्यात सापडले.

"सरळ आहे, मॅडम," अजय देशकर म्हणाला. कंपनीचा प्रकल्प प्रमुख. पायात पांढरे बूट, आणि चिखलाकडे पाहण्याची नजर अशी, की चिखलानंच परवानगी घ्यायला हवी होती. "फॉर्म दाखवले असते तर यांचा चाळीसचा दावा खोटा पडला असता. पेटी यांच्या तलावात, यांच्या जाळ्यात. गुन्हा नोंदवा."

"की याच्यावर?" रंजीतानं तिसऱ्याकडे बोट केलं.

जीप संघटनेचा अध्यक्ष अश्वजित पान चघळत उभा होता. गेल्या सभेत त्यानं माईकवर सांगितलं होतं की हा सर्वे आम्ही तलावात बुडवू.

"बोललो होतो," तो म्हणाला. "तोंडानं बोललो. अन् मी काऊन बुडवू? या सर्वेत तं बस इकडं येतच नाई. मले फायदाच आहे ना."

खरं होतं. बोलबच्चन माणूस, पण हिशेब पक्का.

"पेटी शेवटची कोणी पाहिली?" रंजीतानं विचारलं.

"नगर परिषदेच्या शिपायानं, नानाजीनं," देशकर म्हणाला. "काल दुपारी. सभागृहात होती."

"किल्ली?"

"एकच. माझ्याकडे."

"फॉर्म कोणी भरले?"

"आमच्या तीन मुलांनी. सलग सात दिवस, सकाळी पाच ते दहा, याच नाक्यावर. मी स्वतः देखरेख केली."

"कशानं भरले? पेन्सिलनं?"

देशकरला हसू आलं. "पेन्सिल तुमच्या ग्रामपंचायतीत चालत असेल. आम्ही प्रत्येक मुलाला कंपनीचा बॉलपेन दिला होता. प्रोफेशनल काम आहे हे."

त्यानं कोटाच्या खिशातून सर्वेचा सारांश काढून दिला. सोमवार चार, मंगळवार पाच, बुधवार तीन, गुरुवार चार, शुक्रवार पाच, शनिवार चार, रविवार तीन. तारखा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या. रंजीतानं कागद वाचला आणि रुखमाबाईंना बाजूला घेतलं.

"बाई, त्या आठवड्यात ही पोरं पाहिली का तुम्ही?"

"नाई जी. पाह्यलं असतं तं चहा पाजला असता. आमी पहाटेपासून त्याच नाक्यावर राह्यतो. एक मंगळवार सोडून."

"मंगळवारी काय झालं?"

"ढोरायले रोग आला होता. गाव बांधला होता आमी. रस्त्यावर आंब्याच्या पानाची दोरी लावली. दिवसभर गावातला बाहेर नाई, बाहेरचा आत नाई. कोणी ओलांडलं तं पाच नारळाचा दंड. दोरीवर माणसं बसवतो आमी. बुधवारी दुप्पट मासोळी नेली."

"दोरी कुठं लावली होती?"

"नाक्यावरच. रस्त्याच्या मधात."

 रंजीतानं पेटी गाडीत टाकायला सांगितलं आणि नगर परिषदेत जाऊन नानाजीला गाठलं.

"काल दुपारी सभागृहात कोण होतं, नानाजीभाऊ?"

"देशकर साहेब. पडद्यावर फोटो दाखवायची मशीन लावून राह्यले होते. मले म्हणाले, जा, जेवून ये, मी आहे इथं."

"जेवून आल्यावर पेटी होती?"

नानाजीनं डोकं खाजवलं. "पाह्यली नाई जी. साहेबाची गाडी मात्र पायरीला लागून होती. डिक्की उघडी. म्हणाले, पोस्टर काढून राह्यलो."

अकरा वाजता सभागृह भरलं. पुढच्या रांगेत नगरसेवक, मागे तलावटोलीच्या बाया. टोपल्या बाहेर पायरीवर ठेवलेल्या, मासळीवर ओले फडके. मुख्याधिकारी प्रफुल वासेकर यांनी घसा खाकरला. फॉर्म चोरीला गेल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि सारांशाच्या आधारे आराखडा मंजूर करण्याचं सुचवलं. खेद आणि मंजुरी त्यांनी एकाच वाक्यात आटोपली. कागदी घोडे नाचवण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही.

"एक मिनिट," रंजीता म्हणाली आणि पेटी टेबलावर ठेवली. "देशकर साहेब, किल्ली."

"काय उपयोग? सगळा लगदा झाला असेल."

"किल्ली."

कुलूप उघडलं. आत ओले फॉर्म होते, गठ्ठ्यानं. छापील मथळे ठणठणीत. रकाने कोरे.

"पाहिलं?" देशकर घाईनं म्हणाला. "पाण्यानं सगळं धुऊन नेलं."

रंजीतानं एक फॉर्म हलक्या हातानं वेगळा केला आणि उलटा ठेवला.

"फौजदार व्हायच्या आधी मी चार वर्षं एसटीत वाहक होते. बॉलपेननं दाबून लिहिलं की कागदाच्या पाठीला उठाव येतो. बोटाला लागतो. हा कागद गुळगुळीत आहे. आणि बॉलपेनची शाई रात्रभर पाण्यात अशी साफ जात नाही. कितीतरी वेळा माझे कागद बसच्या गळक्या टपाखाली भिजलेत, आकडे पुसले गेले नाहीत. या फॉर्मवर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं."

तिनं फॉर्म परत पेटीत ठेवला आणि ती देशकरकडे वळली.

"चोर तलावटोलीचा असता तर त्यानं पेटी तिथं टाकली नसती. त्या पाण्यात रोज जाळं पडतं हे तिथल्या लेकरालाही माहीत आहे. माहीत नव्हतं ते नकाशावर गाव न दाखवणाऱ्याला. की माहीत होतं म्हणूनच टाकली, देशकर साहेब? पेटी सापडायला तर हवीच होती. भिजलेली, रुखमाबाईंच्या दारात."

"हे सगळे तर्क आहेत," देशकर म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता.

"मग तर्क सोडू. मंगळवारी तुम्ही नाक्यावर पाच प्रवासी मोजले. तुमच्या देखरेखीखाली."

"हो. रेकॉर्डवर आहे."

"दोरी कशी ओलांडली?"

"कसली दोरी?"

मागच्या रांगेतून हसू उसळलं. त्यात रागही होता.

"त्या दिवशी गाव बांधलेलं होतं," रंजीता म्हणाली. "नाक्यावर दोरी, दोरीवर पहारा. एकही प्रवासी निघाला नाही. त्या दिवशी जरी तुमची पोरं तिथं उभी राहिली असती, तरी मंगळवारपुढं शून्य आलं असतं. तुम्ही एसीत बसून सात आकडे लिहिलेत. उंटावरून शेळ्या हाकल्यात. फॉर्म मागितले तेव्हा कोरे गठ्ठे पेटीत भरले, काल दुपारी नानाजींना जेवायला पाठवून पेटी डिक्कीत टाकली, आणि चोर ठरवलं त्या बाईला, जिनं फक्त खरं पाहायला मागितलं. तुमच्या कंपनीनं याआधी जिथं सर्वे केले, त्या शहरांचे फॉर्मही मी मागवणार आहे."

देशकरनं मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकारी छताकडे पाहत होते. शेवटी देशकर खाली बसला आणि म्हणाला, "सगळेच असं करतात."

तेवढं एक वाक्य तो खरं बोलला असावा.

हवालदार त्याला घेऊन गेला. वासेकरांनी रुमालानं मान पुसली. "मग असं करू, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर नवीन सर्वे..."

"कोण करन?" रुखमाबाई उठल्या. "आणखी एक पांढऱ्या बुटाचा? पुढच्या बैठकीपर्यंत आमी पायीच चालाचं का, साहेब? सर्वे आता करा. आमी सगळ्या इथीच आहो. तुमी लिहा."

"असं प्रक्रियेत बसत नाही, बाई."

"कोऱ्या कागदावर चार बसले ना प्रक्रियेत?"

वासेकरांनी नगरसेवकांकडे पाहिलं. नगरसेवक जमिनीकडे पाहत होते. निवडणूक सहा महिन्यांवर होती. शेवटी वासेकरांनीच पेनाचं टोपण काढलं.

रुखमाबाईंनी माईक पहिल्या बाईच्या हातात दिला. "चंदा," ती म्हणाली, "पहाटे पाचला निघतो, दोन टोपल्या." मग जया. मग गिरजा, तीन महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन. एकेक बाई उठत होती, नाव सांगत होती, टोपल्या सांगत होती, आणि मुख्याधिकारी शाळकरी पोरासारखे खाली मान घालून लिहीत होते.

विसाव्या नावाला पान भरलं. वीस बाया अजून रांगेत होत्या. वासेकरांनी नानाजीला दुसरं पान आणायला पाठवलं.