पंच्याहत्तर सेकंदांचं मिनिट

मामेबहिणीच्या लग्नासाठी पाणी भरायचा पितळेचा गुंड घ्यायला म्हणून मी दुकानात शिरले, आणि तासाभराने बाहेर पडले तेव्हा गुंड घेतलाच नव्हता, एका अनोळखी मुलाशी कडाक्याचं भांडण मात्र झालं होतं.

भंडाऱ्यातल्या त्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावर हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं... 'टकटक'! गेले आठ महिने मी ज्यावर मराठी टायपिंग शिकत होते, तेच फुकटचं सॉफ्टवेअर. आणि त्यानेच माझा घात केल्याचं मला त्याच सकाळी कळलं होतं.

"हे तुमच्याजवळ कसं?" मी विचारलं.

"मीच बनवलो," गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला. उंच, सडपातळ, बोटांना पॉलिशचा काळा डाग, आणि चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद की माझा राग दुप्पट झाला. "वापरता काय तुमी?"

"वापरते? अहो, वाट लावली तुमी माही!"

मग मी एका दमात सगळं सांगितलं. मी डिंपल, राहणार कारधा. लिपिकाच्या जागेसाठी लेखी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झालेली. आता टायपिंगची चाचणी, मिनिटाला तीस शब्द, संधी एकच, आणि दिवस उरले सतरा. टकटक महिनाभर मला एकतीस दाखवत होतं, म्हणून मी निर्धास्त होते. आज क्लासमध्ये सरांनी घड्याळ लावलं, तर पंचवीस! घरी जाऊन बाबांचं घड्याळ समोर ठेवून तपासलं, तर टकटकचं मिनिट सव्वा मिनिटाचं होतं.

"पंच्याहत्तर सेकंद," तो पुटपुटला आणि मटकन स्टुलावर बसला. "वहिनीचं मिनिट..."

"कोणाचं?"

त्याचं नाव जागेश्वर. त्याची रीतावहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला टायपिंग शिकायचं होतं, पण आकडा अठराच्या वर जाईना आणि ती रोज रडे. म्हणून या पठ्ठ्याने गुपचूप मिनिट लांबवलं. आकडा वाढला, वहिनी हसली, टिकून राहिली. मग त्याने ते मिनिट हळूहळू साठावर आणलं, आणि आज वहिनी साकोलीच्या एका शाळेत कारकून आहे. पण इंटरनेटवर जगासाठी ठेवलेल्या प्रतीत जुनं लांब मिनिट तसंच राहून गेलं होतं.

"आत्ताच्या आत्ता खरं मिनिट करा," मी म्हटलं.

त्याने केलं. मी तिथेच बसून टाइप केलं. तेवीस. पुन्हा केलं... एकवीस. डोळ्यांत पाणी आलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

"बोटं चांगली आहेत तुमची," तो हळूच म्हणाला. "आकडा पाहून घाबरून राहिली ती. असं करू... रोज एक सेकंद कमी करतो. पंधरा दिवसांत साठ. तुमाले समजणार बी नाही."

"आणि खरंच कमी करता की नाही, ते मले कसं समजंल? तुमच्यावर भरोसा नाही माझा."

"मग रोज या, अन् घड्याळ घेऊन या."

म्हणून मी रोज दुपारी कारध्याहून नदीवरचा पूल ओलांडून भंडाऱ्याला जाऊ लागले. मी बाबांचं घड्याळ गल्ल्यावर ठेवायची, तो कळ दाबायचा, आणि त्या दिवसाचं मिनिट संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प बसायचो. आत त्याचे वडील, हिरालालजी, चिंच लावून भांडी चमकवत बसलेले असायचे. त्यांचा ठाम समज होता की आपला मुलगा कामधंदा सोडून पोरीबरोबर घड्याळ बघत बसतो, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

चौथ्या दिवशी, एकाहत्तर सेकंदांच्या मधोमध, मी नजर उचलली.

"घड्याळाकडे पाहा," मी म्हटलं.

"पाहूनच राहिलो."

"घड्याळ इकडे आहे."

"हाव काय..." त्याचे कान लाल झाले.

खरं सांगू? मला हा माणूस आधीपासून ठाऊक होता. टकटकमधले सरावाचे उतारे त्यानेच लिहिले होते. 'बाबा ओरडले, म्हणजे गिऱ्हाईक आलं.' 'पुलावर वारा सुटला की मला घरी जावंसं वाटत नाही.' आठ महिने मी रोज ही वाक्यं टाइप करत होते, आणि कोण असेल बाई हा, असं वाटून एकटीच हसतही होते.

टकटक एकटं नव्हतं. 'जागूची पेटी' नावाच्या त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर अशी सव्वीस छोटी सॉफ्टवेअर होती, प्रत्येकापुढे ते कोणासाठी केलं याची एक ओळ. शेजारच्या बायाबाईला वाचता येत नाही, तिच्यासाठी फोन कोणाचा आहे ते आमच्याकडच्या झाडीबोलीत ओरडून सांगणारं. घनश्यामकाकांना गोळ्यांची आठवण देणारं, आणि काका घेईपर्यंत गप्प न बसणारं. खाली लिहिलेलं, 'फुकट आहे. कामाचं वाटलं तर दुसऱ्याले द्या.'

"पैसे काहून घेत नाही?" मी एकदा विचारलं.

"बायाबाई फोन उचलून हसते ना," तो म्हणाला, "मले तेवढ्यात लय मजा येते."

एकोणसत्तर, अडुसष्ट, सदुसष्ट... मिनिट रोज आखडत होतं आणि माझा आकडा एकतीसावर टिकून होता. हेच तर मला जीव तोडून हवं होतं. तरी साठ जवळ येऊ लागले तसा मला आनंद होईना. आमचं गप्प बसणं रोज एका सेकंदाने कमी होत होतं.

तेराव्या दिवशी घरी लॅपटॉपवर मी त्याचं पान उघडलं, तर पेटी रिकामी! 'हे काम बंद केलं आहे. कोणाचं नुकसान झालं असेल तर माफ करा.'

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ गल्ल्यावर आपटलंच.

"हे काय नाटक?"

"नाटक नाही." त्याने मान वर केली नाही. "मी खेळ समजून बनवत होतो, डिंपलजी. अन् त्या खेळापायी तुमची नोकरी जाऊन राहिली होती. तुमी पास झाल्या तर पाहीन. नाही तर... पुन्हा काही बनवणार नाही."

"म्हणजे माझ्या दहा बोटांवर तुमचंही ओझं?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! आता मले पास व्हावंच लागंल."

पंधराव्या दिवशी मिनिट बरोबर साठ सेकंदांचं झालं. मी तीनदा टाइप केलं. एकतीस, बत्तीस, एकतीस. त्याने टाळ्या वाजवल्या, मीही हसले. मग मोजायला काहीच उरलं नाही, म्हणून घड्याळ पिशवीत टाकून मी उठले. पुलावरून परत येताना मला हमसून रडू आलं, आणि ते काही परीक्षेच्या भीतीने नव्हतं.

नागपूरला जाऊन चाचणी देऊन आले. बोटं चालली, पण किती चालली ते कोणी सांगेना. पुढचे दोन आठवडे मी दुकानाकडे फिरकले नाही. काय कारण सांगून जाणार होते?

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार कोरडा पडलेला.

"यादी लागली. मी उघडली नाही... तुमी या."

कारधा ते भंडारा, तसं अंतर ते किती, पण त्या दिवशी ऑटो पुढे सरकतच नव्हता. दुकानात गेले तर तो गल्ल्यावर ताठ बसलेला, आणि हिरालालजीही भांडी सोडून मागे उभे. मी माझा परीक्षेचा नंबर सांगितला. त्याने एक आकडा चुकवला, खोडला, पुन्हा टाकला.

पडद्यावर एक ओळ पिवळी झाली. माझा नंबर, माझं नाव, आणि पुढे 'पात्र'.

मी मोठ्याने श्वास सोडला. इतके दिवस तो कुठे धरून ठेवला होता कोण जाणे. हिरालालजी "पोरगी पास झाली!" म्हणत पेढे आणायला निघालेसुद्धा. आणि जागेश्वर... त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे हलत होते.

"आता रडता कायले?"

"वाचलो," तो म्हणाला. "बाप्पा, वाचलो मी..."

"आधी पेटी उघडा. माझ्या डोळ्यांसमोर."

त्याने डोळे पुसत दोन-चार कळा दाबल्या. सव्वीसच्या सव्वीस परत आली. मी एकेक नाव वाचलं आणि मला इतकं हलकं वाटलं की त्या भरात तोंडातून निघूनच गेलं.

"मी उद्या येते."

"उद्या? आता तर मोजाचं काही नाही."

"तुले पाहाले येते," मी म्हटलं. "तू आवडतोस मले. केव्हाचाच."

तो बघतच राहिला. कान तर लाल झालेच, पण या वेळी त्याने नजर हटवली नाही. मग पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मग उद्या कायले?" तो म्हणाला. "आजच बस ना, डिंपल... मी तं रोज वाट पाहून राहिलो होतो तुही."

मी बसले.