शिरगिरीचा चार्ज

नौपाड्यातल्या आमच्या घराची ओटी पश्चिमेला होती. दुपारी तिथे ऊन यायचं म्हणून वाळ्याचे पडदे लावले होते आणि पक्षकारांना बसायला वेताच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. माझे यजमान गुरुदत्त ठाण्याच्या कोर्टात वकिली करायचे. मी सकाळच्या शाळेत मुलींना गणित शिकवायची आणि जेवणवेळेपर्यंत घरी परतायची. हे सांगते ते अशासाठी, की मी रिकामटेकडी नव्हते आणि दिसलं त्यावर चटकन विश्वास ठेवायची मला सवय नव्हती.

संस्थानं विलीन झाली त्या वर्षी माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामंजी म्हणायची. शिरगिरी संस्थानचे ते शेवटचे सरन्यायाधीश. संस्थान एवढंसं, की सकाळी घोड्यावर बसलेला माणूस जेवायला पलीकडच्या हद्दीत पोचायचा. पण त्याला स्वतःचा राजा होता, स्वतःचे कायदे होते आणि फाशी कायम करायची की रद्द, हे शेवटी मामंजी ठरवायचे. त्यांच्यावर अपील नव्हतं. शेजारचे बाळ कर्णिक एकदा थट्टेनं म्हणाले, "म्हणजे देशाचे सरन्यायाधीशच की हो तुम्ही."

"होतोच," मामंजी म्हणाले. "देश लहान होता, एवढंच."

ठाण्याला जायचं ठरलं तेव्हा शिरगिरीतले लोक म्हणे तोंडावर उपरणं धरून हसले. ठाण्याला पाठवणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात पाठवणं, असाच तेव्हा सगळीकडे अर्थ होता. मामंजी स्वतःच ही गंमत सांगायचे. सकाळी तलावपाळीला चक्कर, कोपिनेश्वराचं दर्शन, मग वर्तमानपत्र, असा त्यांचा दिवस छान जायचा.

एकोणपन्नास सालचा हिवाळा होता. दुपारी मी माजघरात वह्या तपासत बसले होते. मामंजी आत झोपले होते. ओटीवर कुणीतरी खाकरलं म्हणून बाहेर आले, तर एक वयस्क गृहस्थ खुर्चीवर बसले होते. बंद गळ्याचा काळा कोट, धोतर, डोक्याला लाल पागोटं. फाटकाची कडी वाजली होती का, ते मला आठवेना.

"नवे साहेब आले का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, हे गुरुदत्तांकडे आले आहेत. "कोर्टात गेलेत. संध्याकाळी येतील."

"थांबतो."

मी पाणी आणून ठेवलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात कामाला येणारी सखुबाई ओटी झाडायला आली. ती कोलशेतची, तोंडानं अखंड बोलणारी. आजही बोलत होती, खाडीवरच्या वाऱ्याबद्दल, मिठागरावर गेलेल्या नवऱ्याबद्दल. झाडत झाडत ती त्या खुर्चीपाशी आली, तेव्हा त्या गृहस्थांनी दोन्ही पाय अलगद वर उचलले. तिनं खालून केरसुणी फिरवली. ती पुढे सरकल्यावर त्यांनी पाय खाली ठेवले. सखुबाईनं एकदाही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही. पदर सावरला नाही, की बोलणं थांबवलं नाही.

मी आत जाऊन परत आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. पेला भरलेलाच होता.

चहाच्या वेळी मी हे मामंजींना सांगितलं, ते केवळ एक चमत्कारिक पक्षकार म्हणून. त्यांनी बशी तोंडाला लावली होती ती तशीच खाली ठेवली.

"बसण्याआधी कोटाची मागची बाजू वर उचलून धरली होती का त्यांनी?"

"मी आले तेव्हा ते बसलेलेच होते."

"पागोटं लाल?"

"हो. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"देवस्थळी. सरन्यायाधीशपदाचा चार्ज मी घेतला तो त्यांच्याकडून." बशीतल्या चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली. "वारले त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी स्वतः खांदा दिला होता."

मी मनाशी हिशेब मांडला. देवस्थळींचा कुणी भाऊ असेल, मुलगा असेल. शिरगिरीच्या बाजूला अजूनही अशी पागोटी बांधणारे लोक असतील. सखुबाईची नजर अधू झाली असेल. एकेक कारण वेगवेगळं पटत होतं. सगळी एकत्र ठेवली की पटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. बरोबर आणखी एक होते, त्यांच्याहून जुन्या बेताच्या कपड्यांतले, बाराबंदी घातलेले. मग तिसरे आले, ते अनवाणी होते आणि त्यांच्या अंगाला बंद पेटी उघडल्यावर येतो तसा कापराचा वास होता. ते आपापसात बोलत नसत. ओळीनं बसत. देवस्थळी दाराच्या सगळ्यांत जवळ, आणि जितका माणूस जुना तितका फाटकाकडे. मी दारात दिसले की एकच विचारणा होई.

"नवे साहेब आले का?"

मी मान हलवायची आणि दार ओढून घ्यायची. आत आल्यावर वह्यांतले आकडे मला एकसारखे दिसत.

मामंजींनी ओटीवर जाणं सोडलं. तलावपाळीची चक्कर बंद झाली, जेवण कमी झालं. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "त्यांना काय हवंय?"

"आमच्याकडे दंडक होता. चार्ज दिल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. त्यांनी मला दिला. मी कुणाला दिला?"

"संस्थानच राहिलं नाही, मामंजी. सगळं मुंबईकडे गेलं."

"दप्तरं गेली. किल्ल्या गेल्या. ते न्यायला माणसं आली होती." ते पडद्याकडे पाहत होते. "बाकीचं कुणी मागितलंच नाही."

जानेवारीत दिल्लीला सर्वोच्च न्यायालय सुरू झालं. वर्तमानपत्रात मोठा मजकूर होता. मी आशेनं तो त्यांना वाचून दाखवला. आता सबंध देशाला एक सरन्यायाधीश आहेत, म्हटलं, लहानसहान सगळे चार्ज आपोआप तिकडे गेले असं समजायचं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "हे तू ओटीवर जाऊन वाचून दाखव," ते म्हणाले.

मी गेले नाही.

मामंजींना खरी काळजी होती ती गुरुदत्तांची. गुरुदत्तांना ओटीवर कुणी दिसत नसे. कोर्टातून आले की ते त्या खुर्च्यांमधूनच चालत येत आणि शहारल्यासारखे होऊन म्हणत, "इथे कसं दाटल्यासारखं होतं. थोड्या खुर्च्या काढून टाकू या." तेव्हा चारही चेहरे त्यांच्याकडे वळत. हो, तोवर ते चार झाले होते.

"आज त्याला दिसत नाहीत," मामंजी मला म्हणाले. "उद्या दिसतील. तो वकील माणूस. कुणी नमस्कार केला की पक्षकार समजेल, या बसा, काय काम आहे, म्हणेल. झालं मग, चार्ज त्याच्याकडे. त्याला इथे ठेवू नकोस."

कल्याणच्या कोर्टात गुरुदत्तांची एक लांबलेली केस होती. मामंजींनी हट्टानं त्यांना तिकडे धाडलं. रोज जाऊन येऊन दमतोस, विश्रामकडे राहा, म्हणाले. विश्राम म्हणजे गुरुदत्तांचा कल्याणमधला मित्र. जाताना गुरुदत्तांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. वडिलांना ते तात्या म्हणत.

"तात्या रात्रंदिवस ओटीकडे कान लावून असतात. कुणाशी बोलतात का ते?"

"नाही."

"तुला काही वेगळं वाटतं? खरं सांग."

मी पोळी उलटली. मला दिसतं ते सांगितलं असतं तर त्यांनी एकाऐवजी दोन माणसांची काळजी केली असती. आणि ते वेड्यांचं इस्पितळ आमच्या घरापासून टांग्यानं जाण्याइतकं जवळ होतं.

"वयाचं आहे सगळं," मी म्हणाले.

मामंजींना ताप भरला तो त्यानंतर. ताप उतरेना. डॉक्टर छाती तपासून जात आणि काही नाही म्हणत. मी शाळेतून रजा घेतली. दुपारी त्यांच्या उशाशी बसले की ओटीवरच्या वेताची करकर ऐकू यायची. माणूस फार वेळ बसून अवघडला की बूड हलवतो, तशी. चौघांचा धीर सुटत चालला होता.

गुरुदत्तांनी परस्पर काही ठरवलं होतं, ते मला माहीत नव्हतं. त्या दुपारी मामंजींच्या कपाळावरची पट्टी बदलत असताना टांगा थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. गुरुदत्त उतरत होते. मागे बसलेल्या अनोळखी गृहस्थांच्या हातात डॉक्टरची पेटी होती आणि त्यांच्या शेजारी एक दांडगा माणूस होता, नुसता बसलेला, कशाला आणलाय ते कळेल असा.

"कोण आलं?" मामंजींनी विचारलं.

"हे आलेत."

ते उठून बसायला धडपडले. त्यांना बसता येईना. "ओटीवरून नको. नीला, त्याला मागल्या दारानं घे."

मी धावले.

दारात पोचले आणि थांबले. ओटीवरचे चौघेही उभे राहिले होते. आजवर मी त्यांना उभं पाहिलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं फाटकाकडे होती.

गुरुदत्तांनी कडी काढली. ते आत आले आणि त्यांची पावलं मंदावली. डोळे बारीक करून ते ओटीकडे पाहू लागले. उन्हातून सावलीत पाहताना माणूस पाहतो तसे.

त्यांना कुणीतरी दिसू लागलं होतं.

सगळ्यांत जुन्या माणसानं हात जोडले. गुरुदत्तांचा उजवा हात सवयीनं वर येऊ लागला.

"काय काम आहे?" मी म्हणाले. माझा आवाज वर्गातल्यासारखा मोठा झाला होता. "काय असेल ते मला सांगा."

गुरुदत्तांचा हात अर्ध्यावर थांबला.

देवस्थळी वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ओल्या पट्टीकडे पाहिलं. मग पागोट्याला हात लावून ते खाली वाकले.

बाराबंदीवाले वाकले.

मग अनवाणी. मग ते शेवटचे.

पायऱ्या उतरून ते ओळीनं फाटकातून निघून गेले. गुरुदत्त त्यांना वाट द्यायला बाजूला सरले, आणि लगेच आपण का सरलो म्हणून गोंधळून मागे पाहू लागले. रस्त्यावर टांग्याचा घोडा तेवढा फुरफुरला.

आत मामंजी उठून बसले होते. अंगाला घाम सुटला होता.

"भूक लागली गं," ते म्हणाले. "पिठलं टाकतेस?"

डॉक्टरांनी त्यांना निरनिराळे प्रश्न विचारले. मामंजींनी सगळ्यांची शहाण्यासारखी उत्तरं दिली. पूर्वी काय करत होतात, या प्रश्नाला तेवढं ते घोटाळले. "होतो कुठेशी नोकरीला," म्हणाले. डॉक्टर दांडग्या माणसाला घेऊन परत गेले. गुरुदत्तांनी त्या संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा आणला.

मामंजी त्यानंतर दोन वर्षं जगले. मजेत जगले. शिरगिरीचं नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. एकदा मी मुद्दाम देवस्थळींचा विषय काढला, तर ते म्हणाले, "कोण देवस्थळी?" आणि पेरू कापत राहिले.

पहिली बाई आली ती चौघे निघून गेले त्याच आठवड्यात. ओटीवर नाही, अंगणात. हिरवं लुगडं, केस ओले, एक मूठ घट्ट मिटलेली. ती मला साहेब म्हणाली. मी तिला जा म्हटलं, ती गेली नाही. आत जाऊन दार लावलं, तर दारामागूनच तिचं बोलणं ऐकू येत राहिलं. शेवटी मी बाहेर येऊन सगळं ऐकून घेतलं. सासऱ्याच्या भातात काय गेलं, कुणी घातलं, तिच्यावर आळ कसा आला. ऐकून झाल्यावर माझ्या तोंडून शब्द आले. ते माझ्या बोलण्यातले नव्हते.

"अपील मंजूर."

तिनं मूठ उघडली. भाताची चार शितं खाली पडली आणि ती गेली. शितं कितीतरी दिवस तिथेच होती. चिमण्या त्यांना शिवल्या नाहीत.

मग इतर येऊ लागले. त्यांत जिवंत कुणी नसे. मी शाळेतून आले की ते उभे असत. सगळ्यांचंच मंजूर होत नसे. मी ठरवून काही करत नव्हते, शब्द आपले येत. ज्यांचं फेटाळलं ते कुठे जात ते मला माहीत नाही. ते उभे असत तिथलं गवत मात्र मुळापासून पिवळं पडायचं.

मामंजी गेल्यावर आम्ही ठाणं सोडलं. मीच मागे लागले होते. डोंबिवलीला माझ्या माहेरच्या लोकांची जागा होती, चारी बाजूंना भाताची शेतं, अंगणात साधं कुंपणही नव्हतं. सामान उतरवून झालं आणि मी पाणी प्यायला ओटीवर आले, तर ते शेताच्या बांधावर रांगेनं उभे होते. पायाला चिखल न लागता.

आता मला त्यांची सवय झाली आहे. गुरुदत्तांना वाटतं, मी दुपारी अंगणात बसून पाढे म्हणते.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर गुरुदत्त आतल्या पलंगावर वर्तमानपत्र घेऊन पडले. मी बाहेर आले. त्या दिवशी रांग छोटी होती. एक म्हातारा, एक भावाभावांची जोडी. त्यांचं ऐकलं, निकाल दिले, ते गेले. मागे आणखी एक जण होता. काळा कोट, हातात जोडे, मान खाली. माझ्या समोर येईपर्यंत त्यानं चेहरा वर केला नाही.

ते गुरुदत्त होते.

त्यांनी मला ओळखलं नाही. जोडे बाजूला ठेवले, हात जोडले.

"साहेब," ते म्हणाले, "माझी बाजू ऐकून घ्या."

आत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"अगं," आतून गुरुदत्तांनी हाक मारली, "कुणाशी बोलतेयस?"