सत्यप्रतिज्ञेवर पडलेलं स्वप्न

मोनालीचा नेहमीचा टायपिंगवाला नेमका त्याच दिवशी मेव्हण्याच्या लग्नाला गेला, म्हणून ती अंबडच्या कोर्टासमोरच्या लिंबाखाली आली. नाहीतर राजानंदशी तिची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं!

वडीगोद्रीच्या शाळेतली ही बाई. गेली दोन वर्षं वाचनालयाच्या स्पर्धेतून तिची कथा परत येत होती, आणि दोन्ही खेपेला शेरा एकच: ‘स्वप्न खोटे वाटते.’ ही तिसरी खेप. यंदाही तेच झालं तर वही कायमची बंद, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पाचपर्यंत कथा द्यायची होती. आणि चार वाजत आले होते…

राजानंद त्या लिंबाखाली बसून दिवसभर कोर्टाची प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा. लिंबाची पिवळी पानं कीबोर्डवर गळली तरी त्याची बोटं थांबायची नाहीत. तिसऱ्या पानावर मात्र थांबली.

“म्याडम, हे स्वप्न कोणाला पडलं?”

“माझ्या नायिकेला.”

“न्हाई पडलं.”

मोनालीनं मनातल्या मस्टरवर त्याच्या नावापुढे लाल फुली मारली. “तुम्ही टाइप करा हो!”

“करूनच राह्यलो. पण दरी, धुकं, पांढरा घोडा… हा घोडा अंबडात कुठं बघितला तिनं?”

“स्वप्नात काहीही दिसतं.”

“बिलकुल न्हाई. आठ वर्षं इथं बसून साक्षी ऐकल्या. खोटा माणूस सगळं बराबर जुळवून सांगतो. खरा म्हणतो, साहेब, त्याच्या एकाच पायात चप्पल व्हती.” तो हसला. खळी एकाच गालाला पडली. दुसरा गाल गैरहजर. “तुम्हाला खरं काय पडतं?”

हे काय विचारणं झालं? ती उठणारच होती, पण…

“मी हजेरी घेतेय,” ती हळूच म्हणाली. “प्रत्येक नावाला माझे बाबाच उठतात. पस्तीस नावं, पस्तीस वेळा ‘हजर’. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याचं मला नवलच वाटत नाही. काळजी एवढीच, की पेनातली शाई संपत आलीये. शेवटचं नाव माझं असतं…”

“मंग?”

“मंग काय… पेन उमटत नाही.”

राजानंदनं स्टूल तिच्याकडे वळवलं. “बघा, तुमची नायिका दर ओळीला दचकून राह्यली. स्वप्नात माणूस दचकत न्हाई, कामाला लागतो. दचकतो ते जागं झाल्यावर.”

“हेच लिहा,” मोनाली म्हणाली. “घोडा काढून टाका.”

पावणेपाचला कथेची आणि नाव-वय भरलेल्या स्पर्धेच्या अर्जाची पानं हातात पडली. ती न वाचताच पळाली, कथा देऊन आली, आणि घरच्या एसटीत बसल्यावर तिनं आपली प्रत उघडली.

‘मी, मोनाली साहेबराव खरात, वय २६, धंदा नोकरी, रा. वडीगोद्री, ता. अंबड, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, सदर स्वप्नात मी हजेरी घेत होते…’

तिनं पावतीवरच्या नंबरावर थेट फोन लावला. “तुम्ही माझी कथा कोर्टात दाखल केली!”

“अरे बाप… हाताची सवय हो, म्याडम. सदर चूक मान्य आहे.”

“सदर!” ती इतकी हसली, की कंडक्टरनं वळून पाहिलं. रागवायचं राहून गेलं, म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. तिसऱ्या दिवशी, थोडा राग उरला होता म्हणून. तो राग पुढे तीन आठवडे पुरला.

मराठी भाषा दिनाला निकाल लागला. परीक्षकांनी ते पान मोठ्यानं वाचलं तेव्हा वाचनालयात पंख्याचा तेवढा आवाज होता. मग त्यांनी चष्मा काढला. “दोन वर्षं मी या मुलीचं स्वप्न खोटं ठरवलं. यंदा तिनं शपथेवर सांगितलं. मी हरलो! पहिलं बक्षीस.”

टाळ्या थांबेनात. त्यात मागच्या दारातून एक सणसणीत शिट्टी आली. तिनं पाहिलं, तर खळी हजर होती.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली त्यानं एक कागद तिच्यापुढे केला आणि उगाच प्रिंटरवरची पानं झटकू लागला.

‘मी, राजानंद, वय २९, धंदा टंकलेखन, रा. अंबड, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की, मला रोज एकच स्वप्न पडते. त्यात मोनाली म्याडम आमच्या ओट्यावर मेथी निवडत असून माझी आई त्यांची हजेरी घेत आहे. मला त्याचे मुळीच नवल वाटत नाही.’

मोनालीचे कान तापले. तरी ती बाईच्या आवाजात म्हणाली, “जुळवून सांगू राह्यलात. चप्पल कुठंय?”

“हाये ना… तुमची एकच चप्पल दारात व्हती.”

“आणि दुसरी?”

“मी लपवली व्हती. तुम्ही जाऊ नये म्हणून.”

कागदाच्या तळाशी, जिथं वकील प्रतिज्ञापत्रवाल्याची ओळख देतात, तिथली जागा त्यानं कोरी सोडली होती. मोनालीनं पर्समधून हजेरीचा पेन काढला, आणि लिहिलं:

‘मी प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास ओळखते.’

खाली सही केली. पेन ठसठशीत उमटला.