सगुणा कोण?

कल्याणच्या बाजारात, कासाराच्या दुकानात तो दिसला. हिरव्या बांगड्या मागत होता, अन् मापाला स्वतःचाच हात पुढे! शेजारी बसलेल्या डोंबिवलीच्या स्वप्नाला हसू आवरेना.

"तिचा हात एवढा? पैलवान आहे का?" तिने विचारलं.

"हाव न. पण लाजते मस्त."

पुढच्याच आठवड्यात हा नयन मेश्राम घोडबंदर रोडच्या बसथांब्यावर उभा! ऑफिसं जवळजवळच. तुंबलेल्या गाड्यांकडे बघत आधी ओळख झाली, मग सवय. तो आला की तिचा हात आपोआप केसांकडे जाई. पण त्या बांगड्या... विचारलं की नुसता हसे.

दिवाळीच्या तोंडावर त्याने गावी जायला रजा टाकली. अन् तो फोनवर घरी बोलताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "सगुणेचं लुगडं धुऊन ठेव, येतोच."

रविवारी ती त्याला आपल्या आईला भेटवणार होती. कसलं आता भेटवायचं!

कोलशेतच्या खाडीपाशी तिने त्याला गाठलं. "सगुणा कोण? बायको?"

"...मी."

"येडी समजतोस मला?"

"खरंच. आमची झाडीपट्टी, वैनगंगेकाठची. जंगल, तळी, अन् नजर जाईल तिथवर धान. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हण, तिथं आमची दंडार. नाच, गाणी, सोंगं. त्यात बाईचं काम बाप्यानंच करायचं. आजोबांनंतर सगुणा मीच."

"मग लपवलंस का?"

"एका मुलीकडच्यांनी बायकी म्हणून नकार दिला होता. तूही..."

"करून दाखव."

"इथं? लोक बघतायत गं."

"खोटा पडशील म्हणून घाबरतोस."

त्याने तिची ओढणी घेतली, डोक्यावर ओढली. एक पाऊल, मान किंचित कलती, अन् कडेने अशी नजर टाकली की— मिशा होत्या, तरी नयन कुठे दिसेचना. स्वप्नाच्या गालांवरच लाली चढली.

"बाई गं," ती कशीबशी म्हणाली, "कुणावर भाळलीस एवढी?"

"डोंबिवलीच्या एका संशयी पोरीवर," सगुणा लाजली. मग ओढणी खाली आली, अन् नयन आपल्या आवाजात म्हणाला, "खरंच भाळलोय, स्वप्ना."

तिने ओढणी त्याच्याकडून परत घेतली. मग म्हणाली, "रविवारी ये. आईला मी सांगते, सगळं."

"खरं?"

"थांब. सगुणेचा नवरा कोण होतो?"

"सीताराम. गावचाच."

"हात धरतो?"

"धराच लागते न!"

"त्याला सांग, सोंगापुरताच धर म्हणावं. मी पुढेच बसून बघणार आहे."