वेशीतून परत

आमच्या चर्चच्या बाजूच्या खोलीत पुस्तकांचं एक काचेचं कपाट आहे. दर रविवारी मिस्सा संपली की मी ते उघडून बसायचे. पुस्तकं फार नव्हती. संतांची चरित्रं, प्रार्थनेची पुस्तकं, आणि खालच्या फळ्यांवर बायबलच्या काळातल्या कादंबऱ्या. रोमन शिपाई, उंटांचे तांडे, जैतुनाच्या बागा, राजाच्या महालात नेलेली एखादी यहुदी मुलगी. या कादंबऱ्या सगळ्यात जास्त मीच वाचायचे. मी मालवणच्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवते. श्रद्धा आहे, पण चिकित्सेची खोड जात नाही. एका कादंबरीत नासरेथच्या चुलीवर लाल मिरचीची फोडणी दिलेली पाहून मी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मिरची तेव्हा तिथे नव्हती.’ शुभवर्तमान जिथे गप्प बसतं तिथे हे लेखक बोलू लागतात, आणि त्यांना चुकताना पकडायला मला आवडायचं.

२००४ च्या ऑक्टोबरात एका रविवारी कोन्सेसांवमावशी कपाटापाशी आली. ती चिवल्याच्या किनाऱ्याकडे राहायची. नवरा पाववाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एकच, जेरी. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

“नाईनच्या विधवेचा पुस्तक आसा काय गो तुझ्याकडे?” तिने विचारलं.

नाईनची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात अगदी थोडक्यात आहे. विधवेच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी गावाच्या वेशीतून बाहेर पडत असते. येशू तिरडीला हात लावतो. मेलेला तरुण उठून बसतो आणि बोलू लागतो. काय बोलतो, ते लूक सांगत नाही.

असं पुस्तक कपाटात होतं. मागच्या रांगेत, कुठल्याशा जुन्या मिशनच्या छापखान्यातलं, जाड कागदाचं. त्याची पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. पूर्वी पुस्तकं तशीच यायची, वाचणाऱ्याने ब्लेडने पानं फाडत जायचं. म्हणजे ते आजवर कोणीच वाचलेलं नव्हतं. मावशीला तर डोळ्यामुळे वाचणं शक्य नव्हतं. शाळा सुटल्यावर मी घरी येऊन वाचून दाखवीन असं मी तिला सांगितलं.

तिला ती गोष्ट का हवी होती हे न विचारताही मला कळलं होतं. गावात सगळ्यांनाच कळलं असतं.

जेरी सत्यवान तांडेलाच्या होडीवर खलाशी होता. सप्टेंबरात सर्जेकोटजवळ खाडीत शिरताना लाटेने होडी उलटली. बाकीचे पोहत आले. जेरीला दोघांनी ओढून वाळूवर आणलं तेव्हा त्याचा श्वास चालत नव्हता. सत्यवानाने त्याची छाती दाबली, पोटातलं पाणी काढलं, बराच वेळ खटपट केली, आणि मग आपली कोरडी लुंगी मागवून त्याच्या तोंडावर टाकली. मावशी पोचली ती त्यानंतर. ती त्याच्या अंगावर पडून रडत असताना जेरी उठून बसला.

लोक चमत्कार म्हणाले. फादर जपून बोलले; देवाचे आभार माना आणि छातीचा एक्सरे काढा, असं म्हणाले. मला विचाराल तर भिजलेल्या, घाबरलेल्या बोटांना मंद नाडी लागत नाही, एवढीच ती गोष्ट होती. वर्गात मुलांनी विचारलं तेव्हा मी तसंच समजावून सांगितलं होतं.

वाचन पडवीत चालायचं. मावशी आरामखुर्चीत, मी पायरीवर, मांडीवर पुस्तक आणि ब्लेड. जेरी अंगणात लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत असायचा. तो अजून समुद्रावर जात नव्हता. नारळ सुळ्यावर आपटल्याचा आवाज, सोडण फाटल्याचा आवाज, मग पुढचा नारळ. कादंबरी मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगली होती. नाईनच्या टेकडीवरचा वारा, सातूच्या भाकरी, मुलगा आजारी पडतो ते दिवस. सगळं सावकाश, खरं वाटेल असं लिहिलेलं. तिरडी वेशीपाशी आली तेव्हा मावशीने मला थांबवलं.

“आता नीट वाच. तो पयला काय बोललो, ता माका आयकाचा आसा.”

मी पान फाडलं आणि वाचलं. कादंबरीतला मुलगा उठून बसतो आणि पाणी मागतो.

जेरी नारळांचा हारा घेऊन विहिरीकडे गेला, तेव्हा मावशी पुढे वाकली.

“न्हय,” ती म्हणाली. “माझो कान तेच्या तोंडाकडेच होतो. तेना माका इचारल्यान, तुझ्या झिलाचा नाव काय?”

मी विचारलं, मुलाचं नाव तुम्ही काय सांगितलंत.

“जेरी म्हणान सांगलंय. आनंदात होतंय गो मी, माका काय सुचता? मगे तो म्हणालो, मी जेरी.”

ऑक्सिजन कमी पडला की माणूस भ्रमात बोलतो. मी तिला ते सांगितलं. तिने मान हलवली, जशी माझ्या वर्गातली मुलं हलवतात, न पटता.

त्यानंतर मी जेरीकडे पाहू लागले. पाहायला नको होतं, पण पाहू लागले. मी त्याला शाळेत शिकवलं होतं. लहानपणी पडला तेव्हाची हनुवटीवरची खूण जिथल्या तिथे होती. चेहरा तोच, आवाज तोच. फक्त मिस्साच्या वेळी तो सगळ्यांच्या ओठांकडे बघायचा आणि प्रार्थनेचा शब्द किंचित मागाहून उच्चारायचा. जेवण झालं की आईला ‘बरा झाला’ म्हणायचा, पाहुण्याने म्हणावं तसं. मावशीच्या कुत्रीने घर सोडलं नव्हतं, पण ती आता मागच्या, पावाच्या थंड भट्टीत जाऊन झोपायची आणि त्याने बोलावलं की यायची नाही. यातलं एकेक काहीच नाही. बुडता बुडता वाचलेला माणूस बदलतोच.

म्हणून मी त्याची परीक्षा घेतली. एका दुपारी सहज विचारल्यासारखं म्हटलं, जेरी, तुका आठवता काय, प्रयोगशाळेत तुझ्या हातान निळी बरणी फुटली होती, आणि तू रडलं होतंस?

असं कधीच घडलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत निळी बरणीच नव्हती.

तो हसला. “आठवता, टीचर,” म्हणाला. आणि नारळ सोलू लागला.

बोलायचं म्हणून हो म्हणाला असेल. लोक म्हणतात. पण पुढच्या आठवड्यात मावशी मला कौतुकाने सांगू लागली, की जेरीने शाळेतली एक गोष्ट सांगितली. निळी बरणी फुटली, निळं पाणी जमिनीवरून दारापर्यंत वाहत गेलं, आणि टीचरने आपल्या ओढणीने त्याचे हात पुसले. मी शाळेत साडी नेसते. ओढणी मी कधीच घेतलेली नाही. पण ती गोष्ट रचताना माझ्या मनात जे चित्र आलं होतं, त्यात मी तरुण होते, पंजाबी ड्रेसमध्ये होते, आणि माझ्या खांद्यावर ओढणी होती.

शाळा सुटल्यावर मी सत्यवानाला गाठलं. तो जाळं शिवत बसला होता. जेरीला परत होडीवर का घेत नाही, असं मी विचारलं. त्याने इकडची तिकडची कारणं सांगितली. फुप्फुसं कच्ची झाली असतील, म्हातारीला एकच मुलगा आहे. मी उठत नाही असं पाहिल्यावर त्याने सुई खाली ठेवली.

“टीचर, जेरी माझ्या मांडयेर गेलो. मेल्लो माणूस माका कळता. वाळवेर उठान बसलो तो कोण, ता माका इचारू नकात.”

एव्हाना कादंबरीचा सूर बदलला होता. नाईनची विधवा मुलाकडे संशयाने बघू लागली होती. तो गोड बोलतो, पण रात्री झोपत नाही. तो तिला आई म्हणतो, पण हाक मारण्याआधी थांबतो. मावशी एकेक वाक्य पुन्हा वाचायला लावायची आणि जेरीच्या पाठीकडे बघायची. त्याने दिलेला चहा ती निवत ठेवायची, पीत नव्हती. एकदा मी पोचले तेव्हा ती आतून दाराला आडणा लावून बसली होती, आणि तो अंगणात उन्हात उभा होता. घाम गळत होता, पण सावलीला सरकला नव्हता. मी हाक मारल्यावर तिने दार उघडलं.

त्या दिवशी मी ठरवलं, हे पुस्तकच तिच्या डोक्यात भरतंय. बंद केलं तर ती दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईल. त्यापेक्षा मी ते बदलीन. पुढची पानं मी फाडलीच नाहीत. जोडलेल्या पानांचा तो जाड जुडगा बोटाने दाबून धरला, त्यापलीकडच्या पानावर नजर ठेवली, आणि मनाचंच वाचू लागले: कापणीचे दिवस आले. विधवा आणि तिचा मुलगा शेतावर गेले. तिचा संशय उन्हात धुकं जावं तसा गेला.

मला बरं साधलं होतं. मावशीचा चेहरा सैल पडला होता.

नारळ आपटायचा आवाज थांबला.

“टीचर,” जेरी म्हणाला, “मधली पाना ऱ्हवली.”

मी वर पाहिलं. तो सुळ्यापाशीच उभा होता, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

“तिना दार लावन घेतल्यान,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तो भायर उभो ऱ्हवलो. तेना हाक मारूक नाय. थंयसून वाचा.”

पुस्तक रोज माझ्या पिशवीतून माझ्याबरोबर घरी जायचं. मी पानांची कड पाहिली. घडी अखंड होती.

“फाड,” मावशी म्हणाली.

मी ब्लेड घातलं. कागद जुना होता, करकर वाजला. आतल्या पानांवर उजेड पहिल्यांदाच पडत होता. ती बाकीच्या पानांहून पांढरी होती.

त्या पानांवर विधवेने दाराला आडणा लावला होता. तो बाहेर उभा होता. त्याने हाक मारली नव्हती.

मी पाणी प्याले आणि वाचलं. एकही शब्द गाळला नाही. विधवा आत बसून राहते. बाहेर पाऊस येतो. पहाटे ती फटीतून बघते, तर तो तिथेच, भिजलेला. ती आडणा काढते. तो कोण हे ती विचारत नाही. भाकरी त्याच्यापुढे ठेवते. तिथे कादंबरी संपली.

जेरी अजून उभा होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. एका उघड्या डोळ्याने, खूप वेळ. मग ती मला म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशी,

“कोणाचो तरी झील आसतलोच मां तो. तेची आई खंय तरी वाट बघीत आसतली. तवसर मी बघतलंय तेका.”

तिने निवलेला चहा उचलला आणि पिऊन टाकला.

मी पुस्तक कपाटात परत ठेवलं नाही. ते माझ्या ट्रंकेत आहे. त्या घरी जाणंही मी कमी केलं. बोलावणं आलं की जायचे, लांबच बसायचे. माझी भीती होती तसं काहीच झालं नाही. उलट, मालवणात इतकी सेवा कुठल्या मुलाने आईची केली नसेल. तिचं कंबरडं मोडलं तेव्हा त्याने तिला उचलून मिस्साला आणलं. तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. तिच्यासाठी तो नेहमी आधी ताट वाढायचा आणि ती जेवेपर्यंत दारात उभा राहायचा. ती त्याला ‘बाबू’ म्हणायची. जेरी ही हाक मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही.

२००९ च्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच, शांतपणे. तो रडला नाही. पण शवपेटीचा एक दांडा त्याने शेवटपर्यंत कुणाला दिला नाही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांच्या सणाला आम्ही सगळे चर्चमागच्या दफनभूमीत जमलो. गवत काढलेलं, क्रूस नव्याने रंगवलेले, झेंडूच्या माळा, मेणाचा वास. समुद्रावरून वारा येत होता आणि मेणबत्त्या पुन्हा पुन्हा लावाव्या लागत होत्या. माझ्या वडिलांच्या थडग्याकडून परतताना मी मावशीच्या थडग्यापाशी थांबले. तो गुडघ्यावर बसून एका हाताने ज्योतीला आडोसा करत होता. नवीन काळा क्रूस उभा केला होता. पेंटरकडून पांढरी अक्षरं काढून घेतली होती.

वर कोन्सेसांव, आणि तिचं साल.

त्याखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, जेरी. २००४.

मी वाचतेय हे त्याने पाहिलं. तो उठला आणि माझ्यासाठी वाट सोडून अदबीने बाजूला उभा राहिला.

“पेंटर म्हणी होतो, साल चुकला,” तो म्हणाला. “मी सांगलंय, बरोबर आसा.”