बोगद्यापलीकडची नावं

"मेला! हाही मेला!" शंकासूर ओरडला.

भिंगरी धावतच आली आणि जागच्या जागी थबकली. कालपर्यंत ज्या पडद्यावर चंद्रावरची इवलीशी गाडी खड्डे चुकवत पळत होती, तिथे आता रंगीत चौकोनांचा नुसता राडा झाला होता. गाडी नाही, खड्डे नाहीत, चंद्रसुद्धा नाही!

"तू काहीतरी दाबलंस," भिंगरी म्हणाली.

"मी फक्त चालू केला! आणि दर वेळी माझ्यावरच कसा गं संशय?"

"कारण तुला दर वेळी सगळ्यांवर संशय असतो. एकदा स्वतःवरही येऊ दे की."

भिंगरीचा मामा जुन्या यंत्रांच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक होता. उद्या तिथे अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन उघडणार होतं. कपाटाएवढे उंच खेळ भिंतीला पाठ लावून ओळीने उभे होते. प्रत्येकाला एक पडदा, एक दांडा आणि एक लाल बटण. सुट्टीत मुलांना मामाने कामाला लावलं होतं. काम काय, तर प्रत्येक खेळ खेळून बघायचा आणि नीट चालतो का ते सांगायचं! भिंगरी, तिचा वर्गमित्र शंकासूर आणि तिची धाकटी बहीण मुंगी, तिघांनाही यापेक्षा चांगलं काम जगात असेल असं वाटत नव्हतं. आणि आता त्यांच्या डोळ्यांदेखत खेळ एकापाठोपाठ एक मरत होते.

"मामा, चंद्राचा खेळही गेला!" भिंगरीने हाक मारली.

मामा फोन कानाला लावूनच आला. उद्याच्या पाहुण्यांच्या खुर्च्या अजून यायच्या होत्या. "अगं, म्हातारी यंत्रं ती," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. "बंद पडायचीच. बाहेरून छान दिसतात ना? मग झालं! पडद्यावर एखादं रंगीत चित्र चिकटवू, कुणाला कळणारही नाही."

भिंगरीला धक्काच बसला. चित्र चिकटवू? खेळाच्या जागी?

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बोगद्याचा खेळ कुठे ठेवलाय हो?"

पांढऱ्या, आखूड केसांच्या एक आजी आत आल्या होत्या. त्या सरळ कोपऱ्यातल्या उंच खेळाकडे गेल्या. त्याच्या कपाळावर कंदील घेतलेल्या एका चिमुकल्या माणसाचं चित्र होतं. शेजारी नवी कोरी पाटी झळकत होती: 'बोगदा. निर्मिती: कंपनीचे मालक.'

आजींनी पाटी वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"मालकांनी?" त्या म्हणाल्या. "त्यांना तर यंत्र चालू कसं करायचं हेही विचारावं लागायचं. हा खेळ मी केलाय."

"हो का? वा, वा," मामा म्हणाला. लहान मुलाने काढलेला हत्ती बघून मोठी माणसं जशी 'वा, वा' म्हणतात, अगदी तसं. "बसा ना बाई. पाणी घ्या."

"मला पाणी नकोय. पाटी बदलून हवी आहे."

"पण काही पुरावा?"

"खेळातच आहे," आजी शांतपणे म्हणाल्या. "त्या काळी करणाऱ्यांची नावं खेळावर घालू देत नसत. फक्त कंपनीचं नाव. म्हणून शेवटच्या बोगद्याच्या पलीकडे मी ती लपवून ठेवली."

"तिथवर कुणी पोचलंय का?" शंकासुराने लगेच विचारलं.

"बहुतेक नाही. माझ्या हातून तो जरा जास्तच अवघड झाला."

"मी पोचते!" मुंगी ओरडली. तीन दिवसांत तिने अर्ध्या खेळांवर सर्वांत जास्त गुण मिळवले होते, तेही स्टुलावर उभं राहून.

मामा हसला. "ठीक आहे. उद्घाटनाच्या आधी नाव दाखवा, मी पाटी बदलतो. नाहीतर छापलेली पाटी तशीच राहील." आणि तो पुन्हा खुर्च्यांमागे लागला.

मुंगीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. भिंगरीने मागचं झाकण उघडलं, तर आत नुसत्या वायरी लोंबत होत्या! ज्यावर खेळाच्या चिपा बसवलेल्या असतात तो हिरवा बोर्डच गायब होता.

"चोरी!" शंकासूर कुजबुजला.

"साफसफाईला गेलाय," मामा लांबूनच म्हणाला. "या खेळाची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून म्हटलं, सर्वांत शेवटी करा, पण चांगला घासूनपुसून करा."

भिंगरी एकदम गप्प झाली. ती गप्प झाली की काहीतरी शिजतंय हे शंकासुराला ठाऊक होतं.

"चंद्राचा बोर्ड साफ होऊन कधी आला?" तिने त्याला विचारलं.

"काल संध्याकाळी."

"विमानांचा? भुलभुलैयाचा?"

"परवा. आणि दोन्ही मेलेत. अरे बापरे! भिंगरे, साफ होऊन आलेले सगळे मेलेत! न गेलेले सगळे जिवंत आहेत!" मग शंकासूर स्वतःच्याच बोलण्यावर शंका घेत थांबला. "छे, पण टेनिस? टेनिस साफ होऊन आलंय आणि मस्त चालतंय."

"मग टेनिसचंच पोट उघडून बघू," भिंगरी म्हणाली. जिथे नियम मोडतो तिथेच काहीतरी सापडतं, असं तिचं मत होतं.

टेनिसच्या बोर्डावरच्या चिपांवर जुन्या, मळक्या कागदी पट्ट्या घट्ट बसल्या होत्या. कडा खरवडलेल्या होत्या, पण एकही निघाली नव्हती. मग त्यांनी चंद्राचा बोर्ड बघितला. तो आरशासारखा लखलखत होता. पट्टी एकही नाही. आणि प्रत्येक चिपच्या मधोमध काचेची छोटीशी गोल खिडकी!

"चिपला खिडकी?" शंकासूर म्हणाला. "कशाला?"

"वारा यायला," मुंगी म्हणाली.

"काच आहे, वारा कसा येईल? काचेतून फक्त..." भिंगरीचे डोळे मोठे झाले. "उजेड! खिडकीतून उजेड आत जातो. आणि तो जाऊ नये म्हणून वर पट्टी. खिडकीला पडदा असतो तशी!"

आजी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"या पट्ट्या कुणी काढल्या?"

"सफाईवाल्या काकांनी असणार," शंकासूर म्हणाला. "ते सगळं लख्ख करतात, मग बुरशी मारायला निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवतात."

"निळा दिवा?" आजींनी खेळाचा काठ धरला. "अगं, त्याच दिव्याने आम्ही चिपा पुसायचो! खेळात चूक सापडली की पट्टी काढायची, चिप दिव्याखाली ठेवायची. अर्ध्या तासाच्या आत कोरी! मग नवं लिहायचं."



"म्हणजे बुरशी मारता मारता..." शंकासूर पुटपुटला.

"खेळच मारलेत," भिंगरी म्हणाली. "आणि बोगदा आत्ता तिथेच आहे!"

तिघंही धावत सुटली. "मामा, दिवा बंद करायला सांग!" भिंगरी जाता जाता ओरडली. मामाने फोनवरून नजर न काढता हाताने 'नंतर, नंतर' अशी खूण केली.

सफाईची खोली तळमजल्यावर होती. पांढरे हातमोजे घातलेले सफाईवाले काका दारातच उभे होते. त्यांच्यामागे टेबलावर एक पोलादी पेटी होती आणि तिच्या दाराच्या फटीतून निळसर प्रकाश झिरपत होता.

"मुलांना आत यायची बंदी आहे," काका म्हणाले.

"काका, पेटी बंद करा! त्या दिव्याने खेळ पुसले जातात!"

"कुणी सांगितलं? याच दिव्याने मी लाकडी खेळणी साफ केली, पुस्तकं साफ केली. एक तक्रार नाही! चला, निघा."

भिंगरीने शंकासुराकडे बघितलं. शंकासुराला लगेच कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला शंका विचारायला सांगत होतं!

"बरोबर आहे काका, ही उगाच घाबरते," तो पुढे सरकला. "पण मला सांगा, बुरशीला तो दिवा दिसतो का?"

"दिसत नाही. बुरशीला डोळे नसतात."

"मग ती मरते कशी? भाजून? आणि मेली हे कसं ओळखायचं? समजा, ती नुसती बेशुद्ध पडली असेल तर?"

"बेशुद्ध? अरे, बुरशी बेशुद्ध कशी पडेल!"

"तेच तर विचारतोय! मग हातमोजे बुरशी तुम्हाला लागू नये म्हणून, की तुमचं तिला लागू नये म्हणून?"

काका हातमोज्यांकडे बघू लागले आणि भिंगरी त्यांच्या कोपराखालून आत शिरली. पेटीच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'दार उघडताच दिवा बंद होईल.' यापेक्षा चांगली सूचना तिला कुणी दिली नसती. तिने दोन्ही हातांनी दार खेचलं.

खट्! निळा उजेड गेला.

"ए! अजून पूर्ण झालं नव्हतं!" काका किंचाळले.

"म्हणूनच उघडलं!"

आजी धापा टाकत पोचल्या. त्यांनी बोर्ड हातात घेतला, उघड्या खिडक्यांवरून बोट फिरवलं आणि काकांना दोनच वाक्यांत सगळं सांगितलं. काकांनी एकेक करून हातमोजे काढले.

"दिवा लावून थोडाच वेळ झाला होता," ते कसेबसे म्हणाले. "पण आधीचे... ते सगळे मी पूर्ण वेळ ठेवले होते."

खिडक्यांवर काळी चिकटपट्टी लावून बोर्ड परत जागेवर बसला. आजींनी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग एक कंदील लुकलुकला, आणि त्यामागून तो चिमुकला माणूस चालत आला!

"जिवंत आहे!" मुंगीने स्टुलावरच उडी मारली.

पण बोगद्याच्या छतावर विचित्र पांढरे ठिपके पडले होते. "थोडं पुसलं गेलंय," आजी म्हणाल्या. "नावं उरली आहेत की नाहीत, ते तिथे गेल्याशिवाय नाही कळणार."

मुंगी खेळू लागली. दगड कोसळत होते, पाणी भरत होतं, आणि ती दात-ओठ खात दांडा फिरवत होती. दोनदा चिमुकला माणूस दगडाखाली गेला. दोनदा ती पुन्हा पहिल्या बोगद्यापासून निघाली.

"भिंगरे!" मागून मामाचा आवाज कडाडला. "पेटीचं दार उघडलंस? कुणाला विचारून?"

"मामा, दोन मिनिटं! नंतर हवं तेवढं रागाव!"

मामाने तोंड उघडलं, पण त्याची नजर पडद्यावर गेली आणि ते तसंच उघडं राहिलं. मुंगी शेवटच्या बोगद्यात होती. समोर बाहेर पडायचं दार चमकत होतं.

"दारातून जाऊ नकोस!" आजी म्हणाल्या. "सगळे तिथेच चुकतात. डावीकडच्या भिंतीपाशी जा, कंदील विझव आणि नुसती उभी राहा."

"उभी? छत पडतंय की!"

"पडू दे. अजिबात हलू नकोस."

ज्या मुंगीला जेवतानासुद्धा एका जागी बसवत नाही, तिला उभं राहायचं होतं! तिने डोळे मिटून घेतले आणि दांडा सोडून दिला. दगड जवळ आले. धाड! पडदा काळाकुट्ट झाला.

"गेला," मुलांच्या मागोमाग वर आलेले काका म्हणाले.

"थांबा," भिंगरी म्हणाली.

काळोखात एक अक्षर उगवलं. मग दुसरं. एकाखाली एक अशी पाच नावं उमटली. काही अक्षरांना भोकं पडली होती, पण प्रत्येक नाव वाचता येत होतं. मामाने पडद्याकडे बघितलं, मग आजींच्या छातीवर लावलेल्या प्रवेशपासावरच्या नावाकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. शेवटचं नाव तेच होतं.

"हा चित्रं काढायचा," आजी एकेका नावावर बोट ठेवत होत्या. "हिने आवाज बसवले. सगळे म्हणायचे, या यंत्रातून फक्त घुरघुर निघेल. हिने त्यातून पाणी थेंब थेंब पडताना ऐकवलं. हे दोघं रात्रंदिवस चुका शोधायचे."

"त्यांना माहीत आहे, त्यांची नावं इथे आहेत ते?" भिंगरीने विचारलं.

"नाही. बोलले असते तर मालकांच्या कानावर गेलं असतं. चौघांपैकी दोघं आता नाहीत." त्यांनी बोट खाली घेतलं. "दोघं आहेत. त्यांना आज फोन करते."

मामाने 'कंपनीचे मालक' असलेली पाटी भिंतीवरून उपटून काढली. मग तो आजींसमोर उभा राहिला. "बाई, मघाशी तुम्हाला पाणी देत होतो, तेव्हा ऐकूनही घ्यायला हवं होतं. चुकलो." आणि मुलांकडे वळून म्हणाला, "तुम्ही तिघांनी जे केलं ना, ते करायला मला पगार मिळतो! शाब्बास. आधी उरलेल्या प्रत्येक चिपची नक्कल काढायची. खुर्च्या आल्या नाहीत तर पाहुणे उभे राहतील!"

"आणि पुसले गेलेले खेळ?" शंकासुराने विचारलं.

"काहींच्या प्रती कुठेतरी असतील," आजी म्हणाल्या. "काहींच्या नसतील."

मामाने त्या राडा झालेल्या पडद्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघितलं. "चित्रं चिकटवायची नाहीत," तो शेवटी म्हणाला. "हे असेच चालू ठेवू. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहू, की हे आम्ही पुसले."

मुंगीने आपला घाम पुसला आणि दांड्याला हात घातला. "आणखी एकदा!"

"नक्कल निघेपर्यंत एकदाच. आणि बाजूला हो, आता माझी पाळी," आजी म्हणाल्या.

मुलं सरसावून उभी राहिली. खेळ जिने बनवला तीच खेळणार! कंदीलवाला माणूस ऐटीत निघाला, चार पावलं चालला आणि पहिल्याच दगडाखाली सपाट झाला.

"आजी!" भिंगरी ओरडली. "पहिल्याच बोगद्यात?"

"मग? मी कधी दुसऱ्या बोगद्याच्या पुढे गेलेच नाही. तपासताना आम्ही थेट शेवटच्या बोगद्यात उडी मारायचो."

तिघंही आ वासून बघत राहिली.

"म्हणजे," शंकासूर म्हणाला, "इतक्या वर्षांत तिथवर खरोखर खेळत पोचलेली..."

"एकच. ही," आजी म्हणाल्या.

मुंगी स्टुलावर पुन्हा चढली आणि आजींचा हात धरून तिने दांड्यावर ठेवला. "इतका घट्ट नाही धरायचा," ती म्हणाली. "थांबा, मी शिकवते."